१७९३ च्या नाण्याखाली १७९६? जुन्या युरोपीय नाण्यांवरचे दुहेरी ठसे

तांबटआळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भारतीय नाणी थोडीफार जमवली आहेत, पण युरोपीय नाण्यांत मी नवखा. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

फोटोतलं नाणं रशियाचं आहे, कॅथरीन दुसरीचं, पाच कोपेकचं, तांब्याचं. घरच्या काट्यावर ५० ग्रॅमच्या थोडं वर भरलं. एका अंगाला दोन डोक्यांचा गरुड, त्याच्या खाली फितीवर किंमत, दोन्ही बाजूंना टांकसाळीची अक्षरं, रशियन ‘ये’ आणि ‘एम’. दुसऱ्या अंगाला मुकुट, त्याखाली राणीच्या नावाची गुंफलेली अक्षरं, भोवती दोन फांद्या आणि सालाचे दोन तुकडे: डावीकडे १७, उजवीकडे ९३.

इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं. पण दिवा तिरपा धरला की गरुडाच्या पंखावर आणखी कसली तरी अक्षरं दिसतात, आडवी पडलेली. काठाजवळ अंधूक आकडे आहेत. मी ते १७९६ असे वाचले. भाचीला काही न सांगता नाणं हातात दिलं, तिनेही तेच वाचलं. ज्याच्याकडून घेतलं त्याने पाकिटावर ‘मिंट एरर, डबल स्ट्राइक’ असं लिहून दर चढवला होता.

१७९३ सालच्या नाण्याच्या खाली १७९६ सालचं नाणं असेल कसं? खालचं आधीचं, वरचं नंतरचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग ही टांकसाळीची चूक, की नाणंच खोटं?

मितभाषी

१७९० असेल. झिजलेला शून्य सहासारखा दिसतो.

टवाळ_पाटील

टाइम मशीन. रशियनांनी तेव्हाच बनवलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नाही.

अधेली

तांबटआळी, भाचीला शाबासकी द्या. १७९६ च आहे. फोटोवरून तरी नाणं अस्सल वाटतं, आणि ही चूक मुळीच नाही. उलट ठरवून, सरकारी हुकमाने केलेलं काम आहे.

गोष्ट १७६२ पासून सुरू होते. तोवर रशियात एक पूद तांब्यातून १६ रूबलची नाणी पाडत (एका रूबलचे १०० कोपेक). पूद म्हणजे साधारण १६.३८ किलो. हिशेब केला की पाच कोपेकच्या एका नाण्याला ५१ ग्रॅमच्या आसपास तांबं येतं. तुमच्या काट्याने तेच सांगितलं. पीटर तिसरा गादीवर आला आणि त्याला पैसा हवा होता, म्हणून त्याने त्याच पूदातून ३२ रूबल काढायचं ठरवलं. नवं तांबं लागलंच नाही. जुनी पाच कोपेकची नाणी गोळा केली, त्यांच्यावर ढोल, निशाणं आणि तोफांचा नवा ठसा मारला, आणि ‘दहा कोपेक’ असं लिहून दिलं. हा बादशहा जेमतेम सहा महिने टिकला. बायकोने, म्हणजे तुमच्या या कॅथरीनबाईंनी, त्याला गादीवरून उतरवलं आणि तीच नाणी परत मागवून त्यांच्यावर पाच कोपेकचा ठसा मारायला लावला. त्यामुळे १७६३ सालच्या नाण्यांवर राणीच्या अक्षरांमागून नवऱ्याचे ढोल डोकावतात. काही नाण्यांत तर तीन थर असतात: सगळ्यात खाली जुने पाच कोपेक, मग दहा, मग पुन्हा पाच.

आता मजा बघा. १७९६ साली खजिना पुन्हा रिकामा. त्याच कॅथरीनबाईंच्या दरबाराने नेमकी तीच युक्ती काढली. मोठ्या गुंफलेल्या अक्षरांचा नवा ठसा आणि त्याच ५१ ग्रॅम तांब्यावर दहा कोपेक. नोव्हेंबरात बाई वारल्या. मुलगा पावेल गादीवर आला, त्याचं आईशी कधीच पटलं नव्हतं. त्याने ही योजना रद्द केली आणि १७९७ मध्ये त्या नाण्यांचे परत पाच कोपेक करायला सांगितलं. पण पावेलच्या स्वतःच्या तांब्याच्या नाण्यांत पाच कोपेकचं नाणंच नाही, सगळ्यात मोठं दोन कोपेकचं. म्हणून आईच्या वेळचे जुने ठसे, म्हणजे नाणी छापायचे साचे, वापरले गेले, जुन्या सालांसकट. त्यात १७९३ सालचे ठसे भरपूर दिसतात.

म्हणजे तुमच्या हातातलं नाणं १७९६ मध्ये दहा कोपेकचं झालं, १७९७ च्या सुमारास पाचचं झालं, आणि अंगावर लिहिलंय १७९३. साल हे ठशाचं असतं, नाणं पाडण्याचं असेलच असं नाही. या नाण्याला संग्राहक ‘पावेलचं पुनर्टंकन’ म्हणून ओळखतात. ‘ये’, ‘एम’ म्हणजे उरलमधली येकातेरिनबुर्गची टांकसाळ.

टवाळ_पाटील

ताई, म्हणजे रात्री आठ वाजता टीव्हीवर येऊन ‘मित्रों’ म्हणायचं राहिलं तेवढं. नोटा तरी नव्या छापल्या होत्या, यांनी जुन्यावरच शिक्का मारला.

रोमन_आठ

पाटील, थट्टा करताय पण हा धंदा रशियाच्या कितीतरी आधीचा आहे.

स्पेनमध्ये १६०३ साली तिसऱ्या फिलिपच्या सरकारने तांब्याच्या नाण्यांची किंमत दुप्पट केली. लोकांनी नाणी टांकसाळीत आणायची, त्यावर रोमन आकड्यांत चार किंवा आठ असा छोटा शिक्का मारून घ्यायचा. त्यानंतर १६३६, १६४१, १६५१, १६५४, १६५८ असे शिक्क्यांचे फेरे होत राहिले, कधी किंमत वर, कधी खाली. त्या काळातला एखादा तुकडा हातात घ्या. मूळ नाणं कुठलं ते ओळखूच येत नाही. नाणं चेपलेलं, वाकडंतिकडं, त्यावर तीन-चार शिक्के एकमेकांवर चढलेले. नवशिक्याला वाटतं की कुणीतरी हातोड्याने खेळ केलाय. प्रत्यक्षात तो दिवाळखोर राज्याचा जमाखर्च आहे.

आणि फ्रान्सचा चौदावा लुई! त्याने तर एक्यू नावाच्या मोठ्या चांदीच्या नाण्याचं हेच केलं. युद्धाला पैसा हवा म्हणून १६८९ पासून पुढची वीस वर्षं नाणी न वितळवता त्यांच्यावर नवे ठसे. १६८९, १६९३, १७०१, १७०४. फ्रेंच नाण्यांच्या सूचीत तर ‘कोऱ्या चकतीवरचं’ आणि ‘जुन्यावरून केलेलं’ अशी सरळ वर्गवारीच असते. वितळवणं, गाळणं, पत्रा ओढणं, चकत्या कापणं, हा सगळा खर्च वाचतो. लोक नाणं देतात, तेच नाणं नवा मुखवटा घालून परत मिळतं, मधली वाढीव किंमत राजाची.

मितभाषी

मग चूक कशाला म्हणायचं?

अधेली

मितभाषी, दोन शब्दांत विचारलंत, उत्तर लांब आहे.

मी आधी नाणं कसं पाडलं ते बघते, ठशाकडे नंतर. हातोड्याच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने सतराव्या शतकापर्यंत, खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, वर चकती, त्यावर दुसरा ठसा हाताने धरलेला, आणि हातोड्याचे दोन-तीन घाव. घावांच्या मध्ये हात जरा हलला की राजाला दोन नाकं. असली दुहेरी छाप तिथे रोजचीच. त्याला ‘एरर’ म्हणून जादा पैसे देऊ नका. ठसा एका बाजूला सरकलेला असेल, काठाला तडा असेल, तरी तेच.

मग रूळ आले. टिरोलमधल्या हॉलच्या टांकसाळीत दोन रुळांमधून पट्टी ओढत, रुळांवरच ठसे कोरलेले. तिथूनच ती यंत्रं स्पेनमध्ये सेगोव्हियाला गेली, १५८० च्या दशकात. रुळाची नाणी बारकाईने पाहिली तर थोडी वाकलेली असतात, कधी लांबट. तो दोष त्या नाण्याचा नाही, यंत्राचा आहे. नंतर मळसूत्री दाबयंत्र, मग बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनचं वाफेचं यंत्र आणि काठाला घट्ट धरणारी पोलादी कडी. या टप्प्यावर दुहेरी छाप, सरकलेला ठसा, अर्धवट कापलेली चकती या गोष्टी खरोखर दुर्मिळ होतात, आणि तिथे ‘चूक’ या शब्दाला किंमत येते.

आता खऱ्या चुका. चकतीचा एखादा घास काढल्यासारखा गोल तुकडा नसेल, तर पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर कापणी पडलेली असते. अशा नाण्याच्या बरोबर समोरच्या बाजूचा काठ बहुतेक वेळा अशक्त उठतो. कुणी नंतर कानशीने तुकडा काढला असेल तर समोरचा काठ धडधाकट असतो. ही खूण खोट्याला साधणं कठीण.

दुसरं म्हणजे रेघा. वर उठलेली रेघ असेल तर ठसा तडकला होता, कारण ठशाच्या भेगेत धातू शिरतो. आत गेलेली रेघ म्हणजे बहुधा नंतरचा ओरखडा. पण याला एक मोठा अपवाद आहे आणि त्यावर चांगले चांगले फसतात: जुन्या एक्यू, थालर आणि स्पॅनिश रेआल या चांदीच्या नाण्यांवर समांतर, आत गेलेल्या रेघांचा झुबका दिसतो. ती इजा नाही. चकती वजनाला जास्त भरली तर टांकसाळीतच कानस मारून वजन उतरवत आणि मग ठसा मारत. त्या रेघा नक्षीच्या खालून जातात, नक्षीवरून नाही. भिंग लावलं की फरक कळतो.

आणि सालातला आकडा दुसऱ्या आकड्यावर चढलेला असेल, सातावर आठ वगैरे, तर ती तिसरीच गोष्ट. तिथे जुना ठसा फेकून न देता त्यावर नवा आकडा ठोकला. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तो तसाच, त्याच जागी दिसणार. नाण्यावर नाणं छापलं असेल तर खालचे अवशेष प्रत्येक तुकड्यावर वेगळ्या जागी, वेगळ्या कोनात असतात.

ब्रमिंगकरीण

बोल्टनचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी बर्मिंगहॅममध्ये राहते, हँड्सवर्थ इथून जवळच. तिथली बोल्टनची सोहो टांकसाळ आता नाही, त्याचं घर तेवढं संग्रहालय म्हणून उभं आहे.

इंग्लंडातलं या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाणं म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचा १८०४ सालचा पाच शिलिंगचा डॉलर. नेपोलियनच्या लढायांमुळे चांदीची टंचाई, पण बँकेकडे स्पॅनिश आठ रेआलची नाणी पडून होती. १७९७ मध्ये आधी सोपा उपाय केला. स्पॅनिश राजाच्या मानेवर तिसऱ्या जॉर्जचं चिमुकलं लंबगोल डोकं ठोकलं आणि ते ४ शिलिंग ९ पेन्सला चालवलं. पाच शिलिंगचा एक क्राउन होतो, त्यामुळे लोक चेष्टेने म्हणत, दोन राजांची डोकी मिळून एका क्राउनच्या लायकीची नाहीत! पण तो शिक्का इतका साधा की सगळीकडे नकली निघाले. १८०४ मध्ये आठ कोनी शिक्का करून पाहिला, तोही फसला. शेवटी बोल्टनने आपल्या यंत्रांनी अख्खं नाणंच नव्याने छापून दिलं, दोन्ही बाजूंनी.

यंत्र इतकं जोरकस की वरवर पाहता खालचं काही उरत नाही. तरी शोधलं की सापडतं. काठाच्या आतल्या बाजूला स्पॅनिश राजाच्या नावातलं एखादं अक्षर, कधी मेक्सिकोच्या टांकसाळीचा एम आणि त्याच्या डोक्यावरचा छोटा ओ, नशीब असेल तर खालचं सालसुद्धा. मूळ स्पॅनिश नाणं २७ ग्रॅमचं, म्हणून डॉलरही साधारण तितकाच. व्यास मात्र दाबामुळे पसरून ४१ मिलिमीटरच्या आसपास जातो.

तेव्हा इथे खालचा ठसा दिसणं हा दोष नाही, उलट अस्सलपणाची एक खूण आहे. बँक ऑफ आयर्लंडचं सहा शिलिंगचं नाणंही बोल्टननेच त्याच साली अशाच पद्धतीने केलं.

तांबटआळी

अधेलीताई, ब्रमिंगकरीण, खूप आभार. आता माझ्या नाण्याच्या खालचा ठसा पूर्ण वाचायचा आहे. काही पद्धत आहे का? भिंगाने डोळे दुखायला लागले.

कोनमापक

मी सर्वेअर आहे, माझी पद्धत सांगतो.

खोलीत अंधार करा. नाणं सपाट ठेवा, फोन वर स्टँडला लावा, हलू देऊ नका. दुसऱ्या फोनचा टॉर्च टेबलाच्या पातळीवर आणा, म्हणजे प्रकाश नाण्यावर घासत जाईल. एक फोटो. टॉर्च थोडा फिरवून पुन्हा फोटो. असं नाण्याभोवती पूर्ण वर्तुळ. पूर्वेकडून प्रकाश टाकल्यावर न दिसलेली रेघ उत्तरेकडून उठून दिसते.

मग खालच्या नाण्याचा, तुमच्या बाबतीत १७९६ च्या दहा कोपेकचा, स्वच्छ फोटो नेटवरून घ्या. तो अर्धपारदर्शक करून तुमच्या फोटोवर ठेवा. आकार जुळवा आणि फिरवत राहा. एक अक्षर जुळलं म्हणून थांबू नका. एकमेकांपासून लांब असलेल्या निदान तीन खुणा एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. डोळ्याला जे हवं ते दिसतं, हा आपला सगळ्यात मोठा शत्रू. दोन्ही बाजू वेगवेगळ्या जुळवा. एका बाजूला कोन मिळाला की दुसऱ्या बाजूचा कोन त्याच्याशी सुसंगत हवा, कारण खालचं नाणं एकच आहे.

कुठे शोधायचं? काठाशी, आणि नव्या नक्षीच्या सगळ्यात उंच भागावर. नव्या ठशाचा सपाट भाग जुनं सगळं चेपून टाकतो, पण जिथे ठसा खोल आहे तिथे दाब कमी पोचतो आणि जुन्या रेषा तग धरतात. तुमच्या गरुडाच्या पंखावर अक्षरं दिसली ती याचमुळे.

अधेली

कोनमापक, हे फार नेटकं लिहिलंत. एक भर घालते. खालच्या ठशाची जागा नशिबाने ठरत असल्यामुळे दोन नाण्यांवर ते अवशेष अगदी एकाच जागी, एकाच कोनात सापडले, तर दोन्ही खोटी समजा. एका अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली असतात. लिलावांचे जुने फोटो चाळताना ही गोष्ट पटकन लक्षात येते.

फोंडेकार

नमस्कार. गोव्याच्या अंगाने थोडं.

पोर्तुगीजांनी या कामात कुणाच्या मागे राहायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. नेपोलियनमुळे त्यांचा दरबार रिओला पळाला, आणि १८१० पासून ब्राझीलमध्ये ९६० रेइसची नाणी निघाली, ती जवळजवळ सगळी स्पॅनिश आठ रेआलवर छापलेली. कोऱ्या चकतीवरचं ९६० रेइस सापडलं तर तेच नवल. ती नाणी जमवणारे लोक आता वरच्यापेक्षा खालचं नाणं कुठलं, पोतोसी, लिमा की मेक्सिको, याच्यासाठी भांडतात.

आमच्याकडची टांकसाळ १८६९ मध्ये बंद झाली. १८८१-८२ चे लुईश राजाचे रुपये कलकत्त्याहून पाडून यायचे, त्यामुळे ते शिस्तीत आहेत. त्यातल्याच काहींवर, आणि ब्रिटिश रुपयांवरही, १८८९ मध्ये मोझांबिकसाठी मुकुट आणि ‘पी एम’ अक्षरांचा शिक्का मारला गेला. हे रुपये बाजारात येतात, आणि नकली शिक्केही येतात.

शिक्का खरा की खोटा हे बघायची माझी रीत: आधी उलट बाजू बघा, शिक्क्याच्या बरोबर मागे नक्षी चेपलेली असली पाहिजे. मग शिक्क्याच्या आतला रंग बघा. सव्वाशे वर्षांचा शिक्का असेल तर त्याच्या खाचेतही तोच काळेपणा हवा. नाणं काळं आणि खाच चकचकीत असेल तर उठून घरी या. आणि झीज. रुपया नवाकोरा असून शिक्का गुळगुळीत झालेला, असं कधी होत नाही.

डब्लिनचा_बंड्या

आयर्लंडचं राहिलं. दुसऱ्या जेम्सने इंग्लंडची गादी गमावल्यावर १६८९ मध्ये इथे येऊन लढाई मांडली. चांदी नव्हती, मग जुन्या तोफा, घंटा, भांडी वितळवून पितळी नाणी पाडली. त्याला इथे ‘गन मनी’ म्हणतात. त्यावर सालाबरोबर महिनाही असतो, लढाई जिंकल्यावर क्रमाने चांदीत बदलून देऊ असा वायदा होता म्हणे. १६९० मध्ये पितळही पुरेना, तेव्हा मोठ्या अर्ध्या क्राउनवरच अख्ख्या क्राउनचा ठसा मारला. वरच्या ठशात राजा घोड्यावर बसलेला. घोड्याच्या पोटापाशी नीट बघा, कधी त्याच राजाचा चेहरा दिसतो, कधी अर्ध्या क्राउनचे तीस पेन्स सांगणारे रोमन आकडे. जुलैत जेम्स बॉइनची लढाई हरला आणि इंग्लंडची गादी घेतलेल्या विल्यमने येऊन या क्राउनची किंमत एक पेनी करून टाकली.

टवाळ_पाटील

साठ पेन्सचा एक पेनी. याला म्हणतात करेक्शन. माझा म्युच्युअल फंड बरा म्हणायचा.

गोदाकाठ

इतकं चाललंय तर जोगळटेंभी कशी विसरता? १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात सापडलेली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, त्यातल्या नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा. कोणी कोणाला हरवलं हे त्या चांदीवरच लिहिलेलं आहे.

युरोपात याच तर्काचं सुंदर उदाहरण म्हणजे बायझंटाइन साम्राज्याचे निनावी फोलिस. साधारण ९७० पासून १०९२ पर्यंत कॉन्स्टँटिनोपलच्या तांब्याच्या नाण्यांवर सम्राटाचं नावच नाही, ख्रिस्ताची प्रतिमा आणि प्रार्थनेसारखा मजकूर. साल नाही, नाव नाही, मग क्रम लावायचा कसा? वरखाली छापलेल्या नाण्यांवरून. ‘ब’ प्रकार ‘अ’ वर छापलेला सापडतो, ‘क’ प्रकार ‘ब’ वर सापडतो, उलटं सापडत नाही. अशी एकेक जोडी लावत विद्वानांनी साखळी बांधली. टांकसाळीतल्या कामगाराने जुनं नीट चेपलं असतं तर हा पुरावा हाती लागला नसता.

पण तांबटआळींच्या नाण्याने या तर्कालाच चिमटा काढलाय, ते फार आवडलं. तिथेही वरचा ठसा नंतरचाच मारलेला आहे, फक्त त्यावर लिहिलेलं साल आपल्याला चकवतं.

सोनसाखळी

माझ्या दोन शंका, एकत्रच विचारते. आजेसासूबाईंच्या पुतळीमाळेतल्या पुतळ्यांवरची अक्षरं अर्थहीन आहेत, काही उलटी आहेत. ही चूक म्हणायची का? आणि दुसरं, व्हिक्टोरियाच्या एका पेनीवर राणीच्या गालावर उलटी, आरशातल्यासारखी अक्षरं आहेत. एका ॲपवर कोणीतरी ‘रेअर एरर’ म्हणून मोठा आकडा सांगतोय.

अधेली

पुतळीचं आधी. मूळ नाणं व्हेनिसचं सोन्याचं डुकाट, साडेतीन ग्रॅमचं: संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा शासक, मागे ताऱ्यांच्या महिरपीत ख्रिस्त. ते इतकं विश्वासाचं होतं की आपल्याकडच्या सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला केल्या. लॅटिन कुणाला वाचता येत होतं? अक्षरांची नक्षी झाली. तेव्हा ती टांकसाळीची चूक नाही, तिथे टांकसाळच नाही. माळ मोडू मात्र नका.

पेनीसाठी एकच गोष्ट बघा, उलटी अक्षरं वर उठलेली आहेत की आत गेलेली. वर उठलेली, पुसट, आणि मागच्या बाजूच्या नक्षीतली असतील, तर मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आदळले होते. ती खरी टांकसाळी खूण, पण फार दुर्मिळ नाही. आत गेलेली असतील आणि खाली राणीचा चेहरा चेपलेला का होईना शाबूत असेल, तर कोणीतरी दोन नाणी वाइसमध्ये धरून पिळली आहेत. असली नाणी पोत्याने मिळतात. तिसरी शक्यता अशी की आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोल छाप उठली. तेव्हा त्या बाजूला दुसरी कुठलीच नक्षी नसते, पूर्ण चेहराच उलटा आणि आत गेलेला असतो. याला पैसे पडतात.

सोनसाखळी

आत गेलेली आहेत, आणि राणीचं नाक खाली दिसतंय. म्हणजे वाइस. ॲपवाल्याला नमस्कार सांगते.

रोमन_आठ

याच ओघात मारिया तेरेसाच्या थालरबद्दलही लिहून टाकतो, कारण दर महिन्याला कोणीतरी १७८० साल दाखवून विचारतं. राणी १७८० मध्ये गेली, पण तेच साल घालून हे नाणं पुढे दीडशे-दोनशे वर्षं पाडलं गेलं, व्हिएन्नात, लंडनला, दुसऱ्या महायुद्धात आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही. अरबस्तान आणि इथिओपियात लोक दुसरं नाणं घेतच नसत. प्रत्येक वेळी कोरी चकती, नवा ठसा, फक्त साल जुनं. खाली काही शोधू नका, सापडणार नाही.

तांबटआळी

कोनमापकांच्या पद्धतीने बसलो होतो. भाची कॉम्प्युटरवर, मी टॉर्चवर.

गरुडाच्या बाजूला जुळलं. खालचं नाणं जवळपास काटकोनात फिरलेलं आहे. सालाचा ९ आणि ६, ‘कोपेक’ मधली दोन अक्षरं, आणि दहामधला शून्य गरुडाच्या उजव्या पंखाच्या टोकाशी, अशा चार खुणा एकदम बसल्या. दुसऱ्या बाजूला मोठ्या गुंफलेल्या अक्षरांची एक वळणदार कड सध्याच्या डाव्या फांदीतून जाते, कोनही सुसंगत आहे. वरचा मुकुट मात्र कुठे सापडत नाही.

कोनमापक

छान! मुकुट नव्या ठशाच्या सपाट भागाखाली गेला असेल, त्याच्यासाठी अडून बसू नका. चार खुणा पुरेशा आहेत. जुळवलेला फोटो मूळ मापात जपून ठेवा, धाग्यावर टाकताना तो लहान होतो.

अधेली

आता विक्रेत्याचं पाकीट फेका आणि नव्या पाकिटावर लिहा: पाच कोपेक, १७९३, येकातेरिनबुर्ग, पावेलच्या काळातलं पुनर्टंकन, दहा कोपेक १७९६ वर, वजन, खालच्या ठशाचा कोन. ‘एरर’ लिहू नका. पुढेमागे विकायचं झालं तर रशियन नाण्यांचा माहीतगार गिऱ्हाईक ‘पावेल’ वाचून थांबेल, ‘एरर’ वाचून पुढे जाईल.

आणि हात जोडून सांगते, चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यातलं काही लावू नका. तांब्यावरचा तो तपकिरी थर गेला की पुसट रेघाही जातात. धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा आणि मऊ कापडावर न घासता टिपून घ्या.

मितभाषी

दर?

अधेली

कोपेकांचे दर इथे नकोत, त्यावरून मागच्या वेळी धागा भरकटला होता. खालचं साल जितकं स्पष्ट तितकी मागणी जास्त, एवढं पुरे.

डब्लिनचा_बंड्या

ताई, माझ्याकडे पहिल्या पीटरच्या काळातले तारेचे कोपेक आहेत, नखाएवढे. एकावरही पूर्ण ठसा नाही, कुठे घोड्याचे पाय, कुठे नुसती अक्षरं. त्यांचं काय?

अधेली

बंड्या, ते चांदीच्या तारेचे तुकडे चपटे करून त्यावर मोठा ठसा मारलेले असतात. तुकडा ठशापेक्षा लहान, म्हणून पूर्ण नक्षी उठतच नाही. वेगळा धागा काढ, फोटो मोठे टाक आणि प्रत्येकाचं वजन दे. वजनावरून काळ बराच जवळ आणता येतो.